मुंबई दोन दिवसांत: यादी नंतर, आधी वार, भरती आणि गर्दी

मुंबई बघायला आलेली कुटुंबं फसतात ती ठरलेल्या जागी. सोमवारी सकाळी घारापुरीच्या बोटीसाठी गेटवेवर उभी राहतात आणि लेणी बंद असल्याचं तिथे कळतं. शुक्रवारी चोर बाजारात जाऊन बंद शटरं बघून येतात. हाजी अलीला पोचतात तर वाट पाण्याखाली. आणि संध्याकाळी साडेसहाला, हातात दोन पिशव्या आणि कडेवर पोर घेऊन, दादरला विरार फास्टमध्ये शिरायची खटपट करतात. ठिकाणांची यादी तयार असते, पण वार, भरती आणि गर्दी यांच्याकडे कुणी बघितलेलं नसतं.

खालचा आराखडा दोन पूर्ण दिवसांचा आहे, बाहेरगावाहून येणाऱ्या चार-पाच जणांच्या कुटुंबासाठी. यात नटांचे बंगले नाहीत, मॉल तर नाहीतच. गाडी करून एका दिवसात ‘मुंबई दर्शन’ उरकायचं असेल तर हा लेख तुमच्या कामाचा नाही. गाडीत बसून सिग्नलच बघायचे असतील तर ते पुण्यातही मिळतात.

१. घर सोडण्याआधी: वार बघा, तिथी बघा

आधी वार.

- सोमवार: घारापुरी बंद. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आणि त्यातली कान्हेरी लेणीही बंद.
- बुधवार: राणीची बाग आणि तिच्या शेजारचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय बंद.
- शुक्रवार: चोर बाजार बंद.
- रविवार: क्रॉफर्ड मार्केट आणि मंगळदास मार्केट बहुतेक बंद. फोर्टातली ऑफिसं बंद, म्हणून तिथली बरीच खाण्याची ठिकाणंही बंद. रस्ते मात्र मोकळे, इमारती बघत हिंडायला हाच दिवस चांगला.

दोन दिवसांत सोमवार येतच असेल तर तो छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाला द्या. ते सोमवारी उघडं असतं.

मग भरती. कोळीवाड्यांत आणि कोकणात जुना हिशोब आहे: तिथीचा पाऊणपट केला की पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते. अष्टमीला आठाचा पाऊणपट सहा, म्हणजे भरती सहाच्या सुमारास, सकाळी आणि संध्याकाळीही. पौर्णिमेला आणि अमावास्येला हिशोब सव्वाअकरा येतो, प्रत्यक्षात बाराच्या पुढेमागे धरा. म्हणजे त्या दिवशी ओहोटी संध्याकाळी सहाच्या सुमारास, आणि हाजी अलीला जायची वेळ तीच. मोठ्या भरतीच्या आधीचे आणि नंतरचे दीड-दोन तास तिथे जाऊ नका. हा हिशोब अंदाजापुरता आहे, त्या दिवसाचं छापील वेळापत्रक बघूनच निघा. पावसाळ्यात तर महापालिका मोठ्या भरतीचे दिवस आधीच जाहीर करते. त्या दिवशी मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर बसून फोटो काढायचे नाहीत, एवढं पोरांना आधीच बजावून ठेवा.

> तपासा: रविवारी प्रवास असेल तर शनिवारी संध्याकाळीच मेगाब्लॉक (दुरुस्तीसाठी काही तास मार्ग बंद) कुठे आहे ते बघा. मध्य आणि हार्बर मार्गावर तो जवळजवळ दर रविवारी असतो, साधारण अकरा ते चार-पाच. पश्चिम रेल्वे त्यालाच जंबो ब्लॉक म्हणते.

२. मुक्काम कुठे, सामान कुठे

मुंबई उत्तर-दक्षिण लांबट आहे. सकाळी आठ ते अकरा सगळी गर्दी दक्षिणेला जाते, संध्याकाळी पाच ते नऊ उत्तरेला परतते. मुक्काम दादर, गिरगाव किंवा फोर्टात असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी बोरिवलीला जाताना आणि संध्याकाळी येताना, दोन्ही वेळा तुम्ही गर्दीच्या उलट दिशेने असता. बसायलाही जागा मिळते.

पण खरं बोलायचं तर बहुतेकांचा मुक्काम डोंबिवलीच्या मावशीकडे नाहीतर बोरिवलीच्या काकांकडेच असतो. मग वेळ बदला. सकाळी सातच्या आत घराबाहेर पडा आणि रात्री नऊनंतर परता. मावशी म्हणेल, "नाश्ता करून जा, एवढी काय घाई." नाश्ता झाला की साडेआठ वाजतात आणि मग डोंबिवलीला फास्ट पकडायची म्हणजे काय, ते मावशीच्या यजमानांना विचारा.

सामान घेऊन फिरायचं नाही. सीएसएमटी, दादर, मुंबई सेंट्रल अशा मोठ्या स्टेशनांवर क्लोकरूम आहे. तिथे बॅगेला कुलूप लागतं आणि गाडीचं तिकीट दाखवावं लागतं. कुलूप घरूनच आणा, आणि लाडू-चिवड्याचे डबे बॅगेतून काढून जवळ ठेवा.

३. लोकल: चढण्याआधी करायच्या गोष्टी

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, म्हणून हा टप्पा लांब आहे.

*तिकीट.* रेलवन ॲप घरूनच टाकून, नोंदणी पुरी करून या. रुळांच्या अगदी जवळ गेल्यावर ॲपवरून तिकीट निघत नाही, ते स्टेशनबाहेरच काढायचं. ते जमलं नाही तर स्टेशनात यंत्रं असतात, खिडकी असतेच. दिवसभर चढ-उतार करणार असाल तर एक, तीन किंवा पाच दिवसांचं टुरिस्ट तिकीट खिडकीवर मागा. उपनगरी मार्गांवर ते सगळीकडे चालतं, आणि आश्चर्य म्हणजे मुंबईकरांनाच ते माहीत नसतं.

*डबा.* साधं तिकीट एसी लोकलला चालत नाही. फर्स्ट क्लासलाही चालत नाही, आणि बाहेरून तो डबा सेकंड क्लाससारखाच दिसतो. पाहुणे तिथे निवांत बसतात, ‘इथे कशी गर्दी नाही’ म्हणून खूशही होतात आणि पुढच्या स्टेशनला टीसी येतो. दंड किमान २५० रुपये, वर भाडं. दाराजवळचे तिरपे पट्टे आणि ‘प्रथम श्रेणी’ ही अक्षरं वाचूनच चढा. दिव्यांगांचा डबा वेगळा असतो, तोही रिकामा दिसला म्हणून आपला नाही.

*इंडिकेटर.* पाटीवर आधी शेवटच्या स्टेशनचं अक्षर, मग फास्ट की स्लो, मग गाडी किती डब्यांची आणि किती मिनिटांत येणार. चुकतं ते दुसऱ्या गोष्टीत. फास्ट गाडी मधली स्टेशनं सोडते. पश्चिम मार्गावर माटुंगा रोडला उतरायचं असेल तर फास्ट उपयोगाची नाही.

*विरार फास्ट.* बोरिवली किंवा अंधेरीला जाण्यासाठी संध्याकाळी विरार फास्टमध्ये चढू नका. चढाल, पण उतरू देणार नाहीत. त्यात कुणाचा दुष्टपणा नाही, दारापर्यंत पोचायला वाटच नसते. बोरिवलीला बोरिवली गाडी, अंधेरीला अंधेरी.

*उतरणं.* उतरायच्या दोन-तीन स्टेशनं आधी दाराकडे सरकायला लागा. पुढे उभ्या माणसाला विचारा, "बोरिवली उतरणार?" तो ‘हो’ म्हणाला तर त्याच्या मागे राहा, ‘नाही’ म्हणाला तर तो स्वतःच तुम्हाला पुढे घेईल. प्लॅटफॉर्म कुठल्या बाजूला येणार हेही त्यालाच विचारा. हे दोन प्रश्न मुंबईत सगळे एकमेकांना विचारतात, लाज वाटायचं कारण नाही.

*दादर.* डिसेंबर २०२३ मध्ये दादरच्या प्लॅटफॉर्मांचे नंबर बदलले. आता ते सलग आहेत, पश्चिम मार्गाचे १ ते ७ आणि मध्यचे ८ ते १४. नातेवाईक सवयीने जुना नंबर सांगतील. त्यांचं ऐकून घ्या आणि पाटी वाचा.

> सावध: बायका लेडीज डब्यात आणि पुरुष जनरलमध्ये जाणार असाल तर कुठल्या स्टेशनला उतरायचं आणि तिथे कुठे भेटायचं (तिकीट खिडकी, पुलाचा पाया) हे चढण्याआधी ठरवा. गर्दीत फोन खिशातून निघत नाही.

वडीलधारी मंडळी बरोबर असतील आणि दादर ते फोर्ट एवढंच जायचं असेल तर लोकलचा हट्ट सोडा. ‘मेट्रो-३’ ही भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ पासून आरेपासून कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू आहे. दादर, सिद्धिविनायक, सीएसएमटी, हुतात्मा चौक, चर्चगेट ही सगळी स्टेशनं तिच्यावर आहेत. खाली मोबाइलला रेंज मिळेल असं धरून चालू नका, तिकीट वरच काढून ठेवा.

आणि रिक्षा. ती वांद्र्याला आणि सायनला थांबते, पुढे शहरात तिला परवानगीच नाही. ‘रिक्षाने गेटवे’ असं कुणी सांगितलं तर तो सांगणारा मुंबईचा नाही. शहरात काळी-पिवळी टॅक्सी, आणि ती मीटरनेच.

४. पहिला दिवस, सकाळ: घारापुरी

बोटी साधारण नऊला सुरू होतात. साडेआठला गेटवेवर हजर राहा. सीएसएमटी किंवा चर्चगेटहून टॅक्सी करा, चालत गेलात तर अर्धा-पाऊण तास मोडतो आणि पुढे पायऱ्याही चढायच्या आहेत.

१. तिकीट घेताना ‘घारापुरी, येऊन-जाऊन’ असं स्पष्ट सांगा. त्याच धक्क्यावरून मांडव्याच्या बोटी सुटतात आणि समुद्रात फेरी मारून परत आणणाऱ्याही. फेरीचं स्वस्त तिकीट काढून लेण्यांची वाट बघणारे लोक नेहमी भेटतात.

२. बोटीत चढल्यावर लाइफ जॅकेट मागून घ्या, आणि घालूनच बसा. १८ डिसेंबर २०२४ ला याच मार्गावरच्या बोटीला अपघात होऊन माणसं गेली. उकडतं ही सबब नाही.

३. प्रवास साधारण तासाभराचा. पोट अगदी रिकामं नको आणि तुडुंब भरलेलंही नको. ज्याला गाडी लागते त्याला बोटीच्या मध्यावर, वाऱ्याला बसवा.

४. धक्क्यावरून पायथ्यापर्यंत छोटी गाडी आहे, लहान मुलांसाठी मजा म्हणून बसा. पुढे सुमारे १२० पायऱ्या. दोन्ही बाजूंना दुकानं असल्यामुळे सावली मिळते, पण खरेदी उतरताना करा. वर ओझं नेऊन काय करणार?

५. लेण्याचं तिकीट वेगळं, भारतीयांना ४० रुपये. ते ऑनलाइन काढलेलं असेल तर रांग वाचते.

आता आतलं. बहुतेक लोक त्रिमूर्तीसमोर फोटो काढून पंधरा मिनिटांत बाहेर येतात, आणि मग ‘एवढंच?’ म्हणतात. आत गेल्यावर डोळे अंधाराला सरावेपर्यंत खांबांजवळ थांबा, मग सदाशिवाच्या त्या जवळजवळ वीस फुटी मूर्तीसमोर जा. मधला चेहरा शांत, मिटल्या डोळ्यांचा. तुमच्या डाव्या हाताचा चेहरा बघा: भुवया ताणलेल्या, मिशी, हाताशी नाग. उजवीकडचा बायकी, हातात कमळ. मग मुलांना विचारा, हे तिन्ही एकाच माणसाचे वाटतात का? मूर्तीच्या डावीकडे अर्धनारीश्वर आहे, उजवीकडे गंगाधर. त्यानंतर उलट्या वाटेने बाकीचे शिल्पपट बघा: कल्याणसुंदर (शिव-पार्वतीचं लग्न), अंधकासुरवध, रावणानुग्रह (कैलास हलवणारा रावण), दाराजवळ नटराज. तास-दीड तास सहज जातो.

> सावध: माकडं. हातात कणीस, चिप्सचं पाकीट किंवा रंगीत पेयाची बाटली दिसली की ती गेलीच. ओढाताण करू नका, सोडून द्या. खाणं पिशवीत, पिशवीची चेन बंद.

पावसाळ्यात समुद्र खवळला की बोटी बंद होतात. जून ते सप्टेंबरमध्ये घारापुरीवर सगळा दिवस बेतू नका, त्याऐवजी कान्हेरी धरा.

परतीचं तिकीट जपून ठेवा आणि एक-दीडची बोट पकडा. संध्याकाळच्या शेवटच्या बोटींना रांग लागते, आणि बेटावर रात्री राहायची सोय पर्यटकांना नाही.

५. पहिला दिवस, दुपार ते रात्र: फोर्ट पायी

गेटवेला उतरलात की आधी जेवा. आठवड्याच्या दिवशी फोर्टात एक ते दोन ऑफिसवाल्यांची वेळ असते, तुम्ही अडीचला पोचताय ते बरंच आहे. मासे खायचे असतील तर लक्षात ठेवा, मालवणी आणि गोमंतक खाणावळी तीन-साडेतीनला शटर ओढतात. शिवाय १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. त्या दिवसांत ‘ताजी सुरमई’ अशी पाटी दिसली तर मुकाट्याने भाजी-भाकरी मागवा.

जेवून वस्तुसंग्रहालयात. सहाला बंद होतं. सगळं बघायचा प्रयत्न करू नका, पोरं कंटाळतात. दोन दालनं निवडा आणि पाचला बाहेर पडा.

तिथून चालायचा क्रम असा: काळा घोडा, विद्यापीठाचा राजाबाई टॉवर, ओव्हल मैदान, चर्चगेट, मरीन ड्राइव्ह. सूर्य डिसेंबरात सहाच्या सुमारास बुडतो, जूनमध्ये सव्वासातच्या पुढे. त्याप्रमाणे संग्रहालयातून निघायची वेळ पुढेमागे करा. उलट दिशेने, म्हणजे मरीन ड्राइव्ह आधी आणि फोर्ट नंतर, असं बरेच जण करतात. मग समुद्रावर ऊन तापलेलं असताना बसायचं आणि इमारती अंधारात बघायच्या!

अंधार पडल्यावर गिरगाव चौपाटी. इथे भेळ, कुल्फी एवढंच, जेवण नव्हे. मग टॅक्सीने सीएसएमटीसमोर या. दिवे लागलेली इमारत महापालिकेच्या बाजूने, रस्ता ओलांडून बघायची. समोरच्याच कोपऱ्यावर ‘आराम’ आहे, तिथला वडापाव घ्या.

वडापावबद्दल एक. कुठल्याही गाडीवर नाव बघू नका, कढई बघा. वडे तळून परातीत रचून ठेवलेले असतील तर पुढे चला. झाऱ्यातून निथळून थेट पावात जात असतील तिथे थांबा. लसणीची कोरडी चटणी बेताने घ्यायला सांगा, मिरची मात्र मागून घ्या.

इराणी हॉटेल राहिलं असेल तर ते दुसऱ्या दिवशीच्या सकाळी ठेवा. धोबीतलावची ‘कयानी’ १९०४ पासूनची आहे. बनमस्का आणि ‘पानी कम’ चहा. बन चहात बुडवूनच खायचा, आणि टेबलावर दुसरं कुटुंब येऊन बसलं तर बिचकायचं नाही.

> तपासा: उत्तरेला मुक्काम असेल तर नऊनंतरची गाडी, आणि ती सीएसएमटी किंवा चर्चगेटहूनच. सुटण्याच्या स्टेशनला बसायला मिळतं. गाडी आत शिरताना लोक चालत्या गाडीत उड्या मारतील, तुम्ही ती सोडा आणि पुढच्या गाडीसाठी रांगेत पुढे उभे राहा.

६. दुसरा दिवस: कान्हेरी

मुंबईत साहस म्हणून पैसे घेऊन बरंच काही दाखवतात. माझं मत विचाराल तर शहराच्या हद्दीत जंगल चालून लेण्यांच्या माथ्यावर जाण्याची सर कशालाच नाही.

सकाळी सात-साडेसातची बोरिवली फास्ट. वाटेत माटुंग्याला इडली-डोसा खायचा मोह होईल. माटुंग्याची ती हॉटेलं मध्य मार्गावरच्या स्टेशनच्या पूर्वेला आहेत आणि तुम्ही पश्चिम मार्गावर आहात. तो बेत असेल तर मुक्कामावरून थेट माटुंग्याला जा, खा आणि मग दादरला येऊन गाडी बदला.

१. बोरिवलीला पूर्वेला उतरा. उद्यानाचं फाटक साधारण एक किलोमीटरवर आहे.

२. फाटकावर उद्यानाचं तिकीट. लेण्यांचं तिकीट वर, वेगळं. दोन्ही लागतात.

३. लेणी फाटकापासून सहा-सात किलोमीटर आत. चालत जायचा उत्साह सकाळी असतो, पण तो वर लागणार आहे. बसने किंवा भाड्याच्या सायकलने जा. सायकलला चढ आहे, ब्रेक आधी दाबून बघा.

४. माणशी किमान एक लिटर पाणी फाटकापाशीच भरून घ्या.

५. वर पोचल्यावर ३ नंबरचं चैत्यगृह आधी. ओसरीच्या दोन टोकांना उंच बुद्धमूर्ती आहेत. लोक सरळ आत जातात आणि त्या राहून जातात. जाताना डावी-उजवीकडे बघा.

६. मग कातळात खोदलेल्या पायऱ्यांनी वर चला. इथे शंभरावर लेणी आहेत, सगळी बघणं होत नाही. एकेका लेण्याबाहेरची पाण्याची पोढी शोधत जा. कातळावर बोटभर रुंदीचे पाट खोदलेत, पावसाचं पाणी त्यांतून वाहत पोढीत पडतं. पावसाळ्यात हे चालू स्थितीत दिसतं, आणि एवढ्यासाठी तरी कान्हेरी पावसात बघावी.

७. शेवाळलेल्या कातळावर सपाट चपला नकोत. उतरताना पाय आडवे टाका आणि ओढ्यात पाणी वाढलेलं असेल तर ओलांडू नका.

एकच्या आत खाली उतरा. दुपारी बसला रांग लागते आणि ऊनही कातळावरून दुप्पट लागतं.

नोव्हेंबर ते मे दरम्यान आला असाल आणि लेण्यांचा कंटाळा असेल तर कान्हेरीऐवजी ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रातून ठाणे खाडीत रोहित पक्षी बघायला बोटीने जाता येतं. बोटीची वेळ भरतीवर ठरते आणि रोज बदलते, म्हणून आरक्षण केल्याशिवाय जाऊ नका. तेही सोमवारी बंद.

७. परतीची गाडी: स्टेशनचं नाव पुन्हा वाचा

तिकिटावर ‘लोकमान्य टिळक टर्मिनस’ असेल तर ते कुर्ल्याला आहे, सीएसएमटीला नाही. हार्बरच्या टिळकनगर स्टेशनहून ते जवळ पडतं. ‘वांद्रे टर्मिनस’ म्हणजे लोकलचं वांद्रे स्टेशन नव्हे, खार रोडला उतरून पुलावरून जाता येतं. क्लोकरूमला ठेवलेलं सामान ज्या स्टेशनवर आहे आणि गाडी ज्या स्टेशनहून आहे ती दोन वेगळी असतील, तर मधल्या प्रवासाला संध्याकाळी दीड तास धरा, बॅगा घेऊन लोकलने जाऊ नका, टॅक्सी करा. आणि गाडी दादरला थांबत असेल तर तिथे चढायच्या भरीला पडू नका. दादरला ती थोडाच वेळ थांबते. जिथून सुटते तिथूनच बसा.